‘मी’पणाचें दुखणें आणि शीख गुरूंचा उपचार

नगर शहरास लागूनच भिंगार हें गांव आहे व त्याच्याजवळ आलमगीर नांवाचें ठिकाण आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. बादशहा औरंगजेब १७०७ सालीं, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं, येथेंच मरण पावला. त्याचें शव पुढें खुलदाबादेस नेऊन पुरलें. परंतु त्याच्या अखेरच्या मुक्कामाची खूण म्हणून आलमगीरचा दर्गा आपल्या शहराजवळ अद्याप उभा आहे. त्या काळीं हिंदुस्थानांत त्याच्याएवढ्या विस्ताराचा राजा दुसरा कोणी नव्हता. काबुलापासून दक्षिणेपर्यंत त्याचा हुकूम चाले, आणि तो हुकूम पुरता चालावा एवढ्यासाठीं तो सुमारें पंचवीस वर्षें दक्षिणेंत तळ देऊन बसला होता.

अशा ह्या बादशहास त्याच्या अखेरच्या काळांत पंजाबांतून एक पत्र आलें. तें फारशी भाषेंत, पद्यरूपानें लिहिलेलें होतें. लिहिणार होते शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंह; आणि पत्र घेऊन येणार होते त्यांचे दोन शिष्य, भाई दयासिंह व भाई धर्मसिंह. पत्र लिहिलें गेलें १७०५ सालीं. त्या सुमारास गुरूंच्या हातीं काय उरलें होतें म्हणाल, तर जवळजवळ कांहींच नाहीं. आनंदपूरचा किल्ला सुटला होता. दोघे वडील पुत्र चमकौरच्या लढाईंत पडले होते, दोघे धाकटे सरहिंद येथें ठार मारले गेले होते, व वृद्ध मातोश्रीही त्याच संकटांत निवर्तल्या होत्या. असें असतां ह्या पत्रास नांव मिळालें ‘जफरनामा’, म्हणजे विजयपत्र!

येथें विचारी वाचक सहज शंका घेईल. शिखांच्या गुरूंनीं तर अहंकार हें सर्व दुःखांचें मूळ म्हणून सांगितलें. मग ज्याचें सर्वस्व गेलें त्यानें बादशहाची कानउघाडणी करावी, आणि तिला विजय म्हणावें, हा अहंकार नव्हे तर काय? आम्हांस ही शंका मोलाची वाटते. तिचें उत्तर शोधूं गेल्यास शीख गुरूंच्या शिकवणीचा गाभाच हातीं लागतो, म्हणून थोडें मागें जाऊन आरंभापासून पाहूं.

शीख गुरूंच्या वाणींत ‘हउमै’ असा एक शब्द वारंवार येतो. ‘हउ’ म्हणजे मी, आणि ‘मै’ म्हणजेही मीच. मी-मी असा हा दुहेरी शब्द आहे, आणि तो आपल्या ‘अहंकार’ ह्या शब्दाहून थोडा खोल जातो. अहंकार म्हटलें कीं आपणांस मिशांना पीळ देणारा पाटील किंवा पहिल्या नंबराचें बक्षीस मिरविणारा विद्यार्थी आठवतो. गुरूंच्या मतें हे अहंकाराचे अगदीं उघडे, आणि म्हणून कमी घातक, प्रकार होत. हउमै म्हणजे ‘मी एक निराळा आहें, माझें सर्व माझ्यामुळें चालतें’ ही मुळांतली समजूत. ती रडणाऱ्यांतही असते. ‘माझ्याएवढा दुःखी कोणी नाहीं’ असें म्हणणारा आणि ‘माझ्याएवढा शहाणा कोणी नाहीं’ असें म्हणणारा, दोघेही एकाच रोगाचे रोगी. आपल्याकडे षड्रिपु सांगितले आहेत. शीख ग्रंथांत काम, क्रोध, लोभ, मोह आणि अहंकार असे पांच चोर सांगतात. ह्यांपैकीं पहिले चार घर लुटतात तेव्हां दार आंतून उघडून देणारा हा पांचवा असतो, असें आम्ही आपल्या मुलांस समजावून सांगतों.

दुसरे गुरु अंगद ह्यांनीं ह्या हउमैस जुनाट रोग म्हटलें आहे; पण त्याच ठिकाणीं त्याचा उपाय रोगाच्या पोटींच आहे असेंही ते सांगतात. हें थोडें कोडें वाटेल. त्याचा अर्थ आमच्या समजुतीप्रमाणें असा कीं, ‘मी’ मारून टाकावयाचा नसून त्याला वळवावयाचें आहे. ज्याला ‘मी’ आहे तोच ‘मी कोणाचा?’ हा प्रश्न विचारूं शकेल. दगडाला अहंकार नाहीं, परंतु म्हणून दगड साधु होत नाहीं. तिसरे गुरु अमरदास ह्यांची शिकवण अशी कीं, हउमै आणि परमेश्वराचें नाम ह्यांचें वैर आहे, एका मनांत दोघांचें बिऱ्हाड होत नाहीं.

गुरु नानक (१४६९-१५३९) ह्यांनीं दिलेला एक दृष्टांत नगर जिल्ह्यांतील मुलांना तर फारच पटेल. तो सांवरीच्या झाडाचा आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरांत ज्यांचीं घरें आहेत त्यांनीं फाल्गुनाच्या सुमारास फुललेली कांटेसांवर पाहिलेली असेलच: उंच, सरळ, भरघोस, लालभडक फुलांनीं पेटल्यासारखी. पांखरें मोठ्या आशेनें तिच्याकडे जातात. पण फळ निरस, फूल बेचव, आणि पान कामाचें नाहीं. एवढ्या उंचीचा उपयोग काय, असें नानक विचारतात. त्याच ठिकाणीं त्यांनीं ताजव्याची उपमा दिली आहे. ताजव्याचें जें पारडें खालीं जातें तेंच जड असतें. आम्हांस ही उपमा बाजारांत वाण्याच्या दुकानासमोर उभें राहून शिकवावीशी वाटते. परंतु नानक लगेच सावधगिरीचा इशाराही देतात: शिकारी हरिणाला मारतांना दुप्पट वांकतो, म्हणून तो नम्र ठरत नाहीं. वांकलेली पाठ म्हणजे विनय नव्हे. शाळेंतील कित्येक ‘नमस्कार, गुरुजी’ ह्या कसोटीस उतरतील कीं नाहीं, ह्याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

आतां ह्या शिकवणीचें आचरण गुरूंनीं स्वतः कसें केलें तें पाहूं. कारण ‘मीपणा सोडा’ असें मोठ्या आवाजांत सांगणारे जगांत थोडे नाहींत. नानकांना श्रीचंद व लखमीदास असे दोन पुत्र होते. गादी त्यांतल्या एकास मिळेल असें सर्वांनीं धरलें होतें. परंपरेंतील कथा अशी आहे कीं, एकदां शेतांतील ओल्या गवताचा चिखलानें माखलेला भारा उचलून घरीं न्यावयाचा होता. पुत्रांनीं तें आपणांस शोभत नाहीं म्हणून टाळलें. लहणा नांवाच्या शिष्यानें तो मुकाट्यानें डोक्यावर घेतला. अंगावरचीं नवीं वस्त्रें चिखलानें भरलीं. नानकांनीं ह्याच लहण्याला ‘अंगद’, म्हणजे आपल्या अंगाचाच भाग, असें नांव देऊन आपल्या मागें गुरु केलें.

गुरु अमरदास ह्यांची कथा तर आम्हांस सर्वांत हृदयंगम वाटते. ते अंगदांकडे आले तेव्हां साठी उलटलेली होती. अंगद त्यांच्याहून पंचवीस वर्षांनीं लहान! ज्या वयांत माणूस ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ म्हणत ओसरीवर बसतो, त्या वयांत हा वृद्ध रोज पहांटेपूर्वीं उठून बियास नदीचें पाणी गुरूच्या स्नानासाठीं वाहून आणी. असें बारा वर्षें चाललें, असें शीख परंपरा सांगते. एका काळोख्या, पावसाळी रात्रीं कोष्ट्याच्या मागाच्या खुंटीला ठेंच लागून ते पडले. पाण्याची घागर मात्र त्यांनीं सांडूं दिली नाहीं. आवाज ऐकून कोष्टीण आंतून म्हणाली कीं, दुसरा कोण असणार, तो बेघर अमरूच असेल. हें गुरु अंगदांच्या कानीं गेलें, तेव्हां त्यांनीं ह्या ‘बेघरा’स निराश्रितांचा आश्रय म्हणून गौरविलें व १५५२ सालीं गुरुपदावर बसविलें. पुढें अंगदांचा पुत्र दातू संतापून आला आणि भर सभेंत त्यानें ह्या म्हाताऱ्या गुरूला लाथ मारली. अमरदासांनीं त्याचा पाय हातांत धरला व माझीं हाडें वयानें कठीण झालीं आहेत, तुमच्या पायाला लागलें असेल, असें म्हटलें. हा टोमणा नव्हता, हें कथेंतील पुढील भागावरून दिसतें: ते गादीसाठीं भांडले नाहींत, गांव सोडून निघून गेले, लोकांनीं शोधून परत आणलें.

ह्याच अमरदासांनीं लंगराची चाल पक्की केली. आधीं पंगतींत बसून जेवावें, मग गुरूची भेट घ्यावी, असा त्यांचा दंडक होता. बादशहा अकबरही गोइंदवाल येथें पंगतींत बसला, असें शीख इतिहासांत सांगतात. आपल्याकडे पंगत नवीन नाहीं. परंतु आपल्या पंगतींत कोण कोठें बसावयाचें हें पूर्वीं जातीवरून ठरत असे. गुरूंच्या पंगतींत जो येईल तो जेथें जागा असेल तेथें जमिनीवर बसे. अहंकारावरील व्याख्यान ऐकून जें होणार नाहीं, तें अशा पंगतींत मांडीला मांडी लागली कीं अर्ध्या घटकेंत होतें. सेवेचेंही तसेंच. आजही गुरुद्वाराच्या दाराशीं येणाराजाणाराचे जोडे उचलून पुसून ठेवणारे लोक दिसतात, व त्यांत पुष्कळदां मोठे व्यापारी व अधिकारी असतात.

येथें एक धोका आहे, आणि तो गुरूंच्या नजरेंतून सुटलेला नाहीं. ‘मी केवढी सेवा केली!’ हा विचार सेवेच्या पाठोपाठ येतो. नववे गुरु तेगबहादूर ह्यांनीं ह्यावर हत्तीचा दाखला दिला आहे. हत्ती नदींत यथेच्छ स्नान करतो व बाहेर येतांच सोंडेनें धूळ उडवून अंगावर घेतो. तीर्थ, व्रत, दान करून मनांत गर्व धरणाराचें तसेंच होतें. मग उपाय काय? आपल्या कामावर आपलें नांव न घालणें, हा एक उपाय गुरूंनीं स्वतः आचरून दाखविला. गुरुग्रंथसाहिबांत सहा गुरूंची वाणी आहे. परंतु अंगद, अमरदास, रामदास, अर्जुन, तेगबहादूर ह्यांपैकीं कोणीही पदांत स्वतःचें नांव घातलेलें नाहीं. सर्वांच्या पदांत ‘नानक’ हीच मुद्रा आहे. कोणाचें पद कोणतें हें ओळखण्यासाठीं मथळ्यांत फक्त ‘महला’ असा शब्द व अंक घातलेला असतो. पांचव्या गुरूंनीं, अर्जुनदेवांनीं, १६०४ सालीं ग्रंथ सिद्ध केला, तेव्हां त्यांत कबीर, रविदास, शेख फरीद अशा इतर संतांचीही वाणी आदरानें घेतली. निरनिराळ्या प्रांतांतील, जातींतील व धर्मांतील संत एका ग्रंथांत शेजारीं शेजारीं बसले. ही अक्षरांची पंगतच म्हणावयाची.

आणि ह्या पंगतींत आपला एक माणूस आहे. पंढरपूरच्या नामदेवांचीं एकसष्ट पदें गुरुग्रंथसाहिबांत आहेत. नामदेव तीर्थाटन करीत पंजाबांत गेले व गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें दीर्घकाळ राहिले. तेथें त्यांचें स्मारक आहे, आणि २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गांवीं भरलें होतें. नामदेवांच्या चरित्रांतही मीपणाचीच गोष्ट आहे. संतमेळ्यांत गोरोबा कुंभार थापटणें घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर हळूच मारीत चालले. मडकीं पक्कीं कीं कच्चीं हें पाहावयाचें होतें. सारे संत शांत राहिले. नामदेव मात्र चिडले, आणि गोरोबांनीं हें मडकें कच्चें असल्याचें जाहीर केलें. प्रत्यक्ष विठ्ठलाशीं बोलणारा भक्त, आणि त्याचेंच मडकें कच्चें! ‘देव माझा’ ह्या वाक्यांतील ‘माझा’ हा शब्द तेवढा भाजावयाचा राहिला होता. मग विसोबा खेचरांकडे जाऊन ते पक्के झाले, अशी कथा आहे. ज्या नामदेवांचे शब्द अर्जुनदेवांनीं निवडले ते ह्या भट्टींतून निघालेले नामदेव होत. त्यांचे स्नेही ज्ञानेश्वर ह्यांनीं आपल्या जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या तेराव्या अध्यायांत ज्ञानाच्या लक्षणांत पहिलें लक्षण ‘अमानित्व’, म्हणजे मानाची हांव नसणें, हें आहे, व त्याचें विवरण विस्तारानें केलें आहे. ज्यांना हउमै हा शब्द परका वाटेल त्यांनीं नेवाशाच्या वाटेनें तेथवर यावें.

असो. आतां आपण मूळ शंकेकडे वळूं.

गुरु गोविंदसिंहांनीं १६९९ सालच्या वैशाखींत आनंदपूर येथें खालसा पंथाची स्थापना केली. हातांत नंगी तलवार घेऊन त्यांनीं मस्तक मागितलें, तेव्हां एकामागून एक पांच जण उठले. त्यांत लाहोरचा खत्री दयाराम होता, हस्तिनापूरचा जाट धरमदास होता, जगन्नाथपुरीचा पाणक्या हिंमत होता, द्वारकेचा मोहकमचंद होता, आणि आपल्या सीमेला लागून असलेल्या बिदरचा न्हावी साहिबचंद होता. ह्या पांचांस गुरूंनीं एकाच लोखंडी पात्रांतील अमृत पाजलें. येथवर हें कोणत्याही गुरूनें केलें असतें. परंतु त्यानंतर ते स्वतः त्या पांचांसमोर हात जोडून उभे राहिले, आणि मलाही अमृत द्या, म्हणून त्यांनीं विनंती केली. गुरु शिष्यांचा शिष्य झाला. हें केवळ सोहळ्यापुरतें नव्हतें. चमकौरच्या गढींत शत्रूंनीं वेढा दिला असतां गुरूंना तेथेंच लढून मरावयाचें होतें; तेव्हां उरलेल्या शिखांपैकीं पांच जणांनीं पंथाच्या नांवानें त्यांस निघून जाण्याची आज्ञा केली, आणि त्यांनीं ती मानली. वीराला मरणापेक्षां हें कठीण असतें. रणांत पडून कीर्ति मिळविणें हाही एक ‘मी’च आहे.

ह्या घटनेनंतर जफरनामा लिहिला गेला. त्याचा आशय पाहिला तर त्यांत ‘मला काय गमवावें लागलें’ ह्याचें रडगाणें नाहीं. कुराणाची शपथ घेऊन दिलेलें वचन मोडलें गेलें, हा त्यांतला मुख्य आरोप आहे. तुमचा भरंवसा सैन्यावर व द्रव्यावर, आमचा परमेश्वरावर, असें गुरु बादशहास सांगतात. सर्व उपाय खुंटल्यावरच तलवारीस हात घालणें योग्य, असेंही ते म्हणतात. विशेष हें कीं, ज्याच्या अंमलदारांनीं आपलीं मुलें मारलीं, त्या औरंगजेबाच्या शौर्याची, बुद्धीची व अश्वारोहणाची वाखाणणीही त्याच पत्रांत आहे. उणीव एवढीच दाखविली आहे कीं, हा राजा धर्मापासून दूर आहे. आमच्या मतें शंकेचें उत्तर येथें आहे. दुखावलेला ‘मी’ शत्रूचा गुण पाहूं शकत नाहीं. त्याला सत्य सांगावयाचें नसतें, सूड सांगावयाचा असतो. लाथ मारणाऱ्या दातूचा पाय धरणारे अमरदास, आणि बादशहास खोटी शपथ त्याच्या पदरीं घालणारे गोविंदसिंह, ह्यांच्यांत विरोध नाहीं. पहिल्या प्रसंगीं अपमान स्वतःचा होता. दुसऱ्या प्रसंगीं प्रश्न न्यायाचा होता. आपलीं मुलें बहुधा ह्याच्या उलट वागतात, आणि मोठेही: स्वतःला कोणी कांहीं बोललें कीं उसळून उठतात, दुसऱ्यावर अन्याय झाला कीं ‘आपल्याला काय त्याचें’ म्हणून विनयानें मान खालीं घालतात.

पत्र नेणाऱ्या दोघांना बादशहापर्यंत पोंचण्यास पुष्कळ खटपट करावी लागली. पत्र पोंचल्यावर औरंगजेबानें गुरूंना सन्मानानें भेटीस आणण्याविषयीं लाहोरकडे हुकूम पाठविला. गुरु दक्षिणेच्या वाटेस लागलेही. परंतु ते राजपुतान्यांत असतांनाच बादशहाच्या मृत्यूची वार्ता आली. भेट झाली नाहीं. औरंगजेबानें अखेरच्या दिवसांत पुत्रांस लिहिलेलीं म्हणून जीं पत्रें प्रसिद्ध आहेत, त्यांत खंत व एकाकीपणा भरलेला दिसतो. आणि खुलदाबादेस त्याची कबर उघड्या आकाशाखालीं, अगदीं साधी, आहे.

गुरु पुढें नवा बादशहा बहादुरशहा ह्याच्याबरोबर दक्षिणेंत आले व १७०८ सालीं नांदेडास राहिले. तेथें गोदावरीकांठीं माधोदास नांवाचा एक बैरागी मठ करून होता. मंत्रतंत्राची सिद्धि असल्याचा त्याचा लौकिक होता, आणि येणाऱ्या साधूंस आपल्या पलंगावर बसवून मंत्रबळानें उलथून पाडण्याची त्याला हौस होती, असें सांगतात. गुरु त्याच्या गैरहजेरींत येऊन त्याच पलंगावर बसले. माधोदासानें सर्व विद्या वापरून पाहिली. पलंग हालला नाहीं. तूं कोण, असें गुरूंनीं विचारलें, तेव्हां मी आपला बंदा, म्हणजे दास, असें उत्तर त्याच्या तोंडून निघालें. तेंच त्याचें नांव झालें, व इतिहासांत तो बंदासिंह बहादूर म्हणून प्रसिद्ध आहे.

त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत नांदेड येथें गुरु गोविंदसिंहांनीं देह ठेविला. त्यापूर्वीं त्यांनीं आपल्या मागें कोणाही माणसास गुरु नेमलें नाहीं. ग्रंथ हाच यापुढें गुरु, असें सांगितलें. त्या ग्रंथांत त्यांनीं आपले वडील तेगबहादूर ह्यांची वाणी घातली होती. स्वतः मोठे कवि असूनही आपली रचना मात्र वेगळी ठेविली होती. पुढें महाराजा रणजितसिंहांच्या काळांत, १८३२ ते १८३७ ह्या वर्षांत, तेथें सचखंड हुजूरसाहिबाची इमारत उभी राहिली. आपल्या जिल्ह्यांतील प्रवरा टोक्याजवळ गोदावरीस मिळते, आणि नेवाशाखालून गेलेलें तें पाणी पैठणावरून नांदेडास जातें. तेथें रोज तो ग्रंथ उघडला जातो, आणि पंजाबी वाणीच्या बरोबरीनें पंढरपूरच्या एका शिंप्याचीं पदेंही गाइलीं जातात.